वेल्श किंवा सेल्टिक स्टडीजमध्ये एमए करायचंय, गोव्यातून कुणी गेलंय का?

डिचोलीकरीण

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललेलं, आज लिहितेच. मी साखळीजवळची, गोवा विद्यापीठातून मराठीत एमए केलंय आणि तीन वर्षं एका हायर सेकंडरीत लेक्चर बेसिसवर शिकवते. मला पुढचं शिक्षण वेल्शमध्ये घ्यायचंय. म्हणजे इंग्लंडला लागून असलेल्या वेल्समध्ये बोलतात ती भाषा, तिथले लोक तिला कम्राइग म्हणतात. घरी सांगितलं तर बाबांनी दोनदा विचारलं, कुठली म्हणालीस?

सुरुवात अशी झाली की मांद्र्याला मामाचं छोटं गेस्ट हाऊस आहे, तिथं सीझनला एक म्हातारं जोडपं यायचं, महिनाभर राहायचं. सगळे त्यांना इंग्रजच समजायचे. पण ती दोघं आमच्याशी इंग्रजीत बोलता बोलता एकमेकांकडे वळली की भाषा बदलायची, आपण नाही का बँकेत साहेबाशी मराठी बोलताना मध्येच घरचा फोन आला की कोंकणीत शिरतो, अगदी तसं. मी त्या बाईंना विचारलं ही कुठली भाषा, तर त्यांनी माझ्या वहीत एक ते दहा आकडे लिहून दिले आणि उच्चार करून दाखवले. ते २०२० चं साल, दोनेक महिन्यांत लॉकडाऊन लागला आणि मी ती वही घेऊन बसले. आधी डुओलिंगो, मग नॅशनल सेंटर फॉर लर्निंग वेल्शचे ऑनलाइन क्लास. हिवाळ्यात तिकडचे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे आपले रात्रीचे बारा, तरी पहिल्या दोन लेव्हल पूर्ण केल्या, आता तिसरी चालू आहे. रेडिओ कम्री हे वेल्श स्टेशन लावून स्वयंपाक करते, अर्धं कळतं अर्धं नाही.

पण नुसती आवड म्हणून जायचं नाहीये. आई सत्तरी तालुक्यात सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. शेवटच्या वर्षी तिच्या वर्गात अकरा मुलं, त्यातल्या सात जणांच्या घरी कन्नड, दोघांच्या घरी हिंदी, उरलेल्या दोघांच्या घरी कोंकणी आणि समोर पुस्तक मराठी. आई रिटायर झाली आणि पुढच्या वर्षी शाळा शेजारच्या गावच्या शाळेत विलीन केली. वेल्समध्ये बाहेरून आलेल्या मुलांसाठी वेगळी केंद्रं आहेत म्हणे, तिथं मुलाला आधी काही महिने फक्त वेल्शमध्ये बुडवून काढतात आणि मग नेहमीच्या शाळेत पाठवतात. ते कसं करतात, मूल किती दिवसांनी तोंड उघडतं, शिक्षक पहिल्या दिवशी काय बोलतात, हे मला तिथं जाऊन बघायचंय.

आता प्रश्न. वेल्शची बीए नसताना एमएला घेतात का? वेल्श आणि सेल्टिक स्टडीज (वेल्श, आयरिश वगैरे एका कुटुंबातल्या भाषांचा अभ्यास) यात काय घ्यावं? पैशाचं कसं जमवलंत? आणि परत आल्यावर याचं करायचं काय, हे आईबाबांना काय सांगू?

फोंड्याचा प्रवासी

मी वेल्समध्ये सेल्टिक स्टडीजमध्ये एमए केलंय. कुठल्या विद्यापीठात ते लिहीत नाही कारण पुढे थोडी तक्रार येणार आहे. तू म्हणतो, वयाने लहान असशील, चालेल ना.

पहिली गोष्ट, वेल्श आणि सेल्टिक स्टडीज या दोन अगदी वेगळ्या डिग्र्या आहेत आणि नावाला भुलून अर्ज करू नकोस. सेल्टिक स्टडीज बहुतेक इंग्रजीतून असतं आणि त्याचा जीव मध्ययुगात असतो. हस्तलिखितं, जुनी आयरिश, मध्ययुगीन वेल्श, राजेलोकांच्या कथा, कायद्याच्या पोथ्या. वेल्श डिपार्टमेंटची एमए बहुतेक ठिकाणी वेल्शमधूनच असते, त्यात आधुनिक साहित्य, भाषांतर, भाषेचं धोरण, सर्जनशील लेखन असं असतं. तू जे लिहिलंयस ना, मूल पहिल्या दिवशी वर्गात काय करतं, तो प्रश्न सेल्टिक स्टडीजचा नाहीच. तो द्विभाषिक शिक्षणाचा प्रश्न आहे आणि त्यासाठी वेल्समध्ये पहिलं नाव बँगर विद्यापीठाचं. बँगर ज्या ग्विनेद काउंटीत आहे तिथं २०२१ च्या जनगणनेत ६४ टक्के लोक वेल्श बोलणारे निघाले, अख्ख्या वेल्सचा आकडा १७.८ टक्के, म्हणजे साधारण ५ लाख ३८ हजार माणसं. दुकानात, बसमध्ये, शाळेच्या गेटवर भाषा ऐकायला मिळते, पुस्तकातून शोधावी लागत नाही.

आणि तुझ्या आईसाठी एक सांगतो. हल्ली बीएडच्या लोकांच्या तोंडी 'ट्रान्सलँग्वेजिंग' हा शब्द असतो ना, तो मुळात वेल्श शब्द आहे, ट्राउस्याइथी. बँगरला केन विल्यम्स नावाच्या संशोधकाने १९९४ च्या पीएचडीत तो वापरला, कॉलिन बेकरने इंग्रजीत आणला आणि तिथून जगभर गेला. कल्पना अशी की मुलाने एका भाषेत ऐकायचं-वाचायचं आणि दुसऱ्या भाषेत बोलायचं-लिहायचं, म्हणजे मजकूर समजल्याशिवाय गत्यंतरच नाही, नुसतं उतरवून काढता येत नाही. सत्तरीत सात कन्नड मुलांसमोर उभं राहून तुझी आई रोज काय करत असणार? कन्नडचे चार शब्द, कोंकणीत समजावणं, फळ्यावर मराठी. तिला बसवून विचार, एकेक युक्ती लिहून घे. तुझ्या रिसर्च प्रपोजलचं पहिलं पान तिथंच आहे.

आता माझी तक्रार. मी कोर्सच्या पानावर जुनी आयरिश बघून अर्ज केला, सगळं सोडून गेलो, आणि तिथं पोचल्यावर कळलं की त्या वर्षी तो विषय चालणारच नाही, शिकवणारे रजेवर आणि विद्यार्थी कमी. वर्ष एकच असतं, वाया जायला वेळ लागत नाही. म्हणून अर्जाच्या आधी डिपार्टमेंटला सरळ ईमेल कर की येत्या सप्टेंबरला यातले कुठले विषय नक्की चालणार आणि कोण शिकवणार. छोटी डिपार्टमेंटं आहेत, प्राध्यापक स्वतः उत्तर देतात. जागाही बदलतात, लॅम्पीटरला १८२२ पासून कॉलेज होतं, तिथले ह्युमॅनिटीजचे कोर्स २०२५ मध्ये कार्मार्थनला हलवले. जुन्या ब्लॉगवर वाचून ठरवू नकोस.

दुसरी चूक माझी. मी वेल्श न शिकता गेलो. वाटलं तिथं गेल्यावर येईल. पहिले चार महिने मी भाषेबद्दल वाचत होतो, भाषा वाचत नव्हतो. डिक्शनरीसुद्धा उघडता येत नव्हती, कारण वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं. आपलं शेपटाकडून बदलतं, घोडा-घोड्याला, त्यांचं तोंडाकडून. काथ म्हणजे मांजर. त्याचं मांजर 'इ गाथ', तिचं मांजर 'इ खाथ', माझं मांजर 'व ङ्हाथ'. 'त्याचं' आणि 'तिचं' दोन्हीला शब्द एकच, 'इ', मालक बाप्या की बाई हे मांजराच्या पहिल्या अक्षरावरून ओळखायचं. मी 'गाथ' हा शब्द ग मध्ये शोधत बसलेलो. आणि तो ङ बघ, आपण बालवाडीत क ख ग घ ङ घोकतो आणि त्याने सुरू होणारा एक शब्द आयुष्यात भेटत नाही. वेल्शमध्ये तो रोज भेटतो. तू दोन लेव्हल करून बसलीयस म्हणजे माझ्या खूप पुढे आहेस. बीए नसली तरी चौथ्या लेव्हलपर्यंत पोच आणि अर्जात तसं लिही, बीए मराठी की वेल्श यापेक्षा तुला भाषा येते का हे ते बघतात, निदान माझ्याबरोबरच्या दोघांना असंच घेतलं.

अ‍ॅबरिस्टविथचं विद्यापीठ पण बघच. समुद्राच्या वर टेकडीवर नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्स आहे, १९०७ ची, आणि शेजारीच सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड वेल्श अँड सेल्टिक स्टडीज. 'ब्लॅक बुक ऑफ कार्मार्थन' नावाचं हस्तलिखित त्या लायब्ररीत आहे, १२५० च्या आसपासचं, म्हणजे आपल्या ज्ञानेश्वरीच्या चाळीसेक वर्षं आधीचं. वाचायला बसलं की पेन बाहेर ठेवायचं, फक्त पेन्सिल, पोथीखाली फोमची उशी. संध्याकाळी समुद्राच्या रस्त्याने टोकापर्यंत चालत जायचं आणि शेवटच्या लोखंडी कठड्याला लाथ मारून परत फिरायचं, तिथली पद्धतच आहे ती, का ते कुणी नीट सांगत नाही पण मारतात सगळे. पणजीला मिरामारपर्यंत चालून यायची सवय असलेल्या माणसाला ते गाव लगेच आपलं वाटतं.

निवृत्त संस्कृत मास्तर

बाय, तुझं वाचून फार बरं वाटलं. मी संस्कृत शिकवलं छत्तीस वर्षं, वेल्श मला येत नाही, पण जुन्या आयरिशची गोडी तुलनात्मक व्याकरणातून लागली त्यामुळे थोडं लिहितो. फोंड्याच्या मित्रांनी सेल्टिक स्टडीज तुझ्यासाठी नाही म्हटलं ते तुझ्या विषयापुरतं बरोबरच आहे, पण निदान दारातून डोकावून तरी ये असं माझं म्हणणं.

शाळेत आपण घोकलेलं आठवतं का, त्रयः तिस्रः त्रीणि, चत्वारः चतस्रः चत्वारि. तीन आणि चार या आकड्यांना स्त्रीलिंगी वेगळं रूप. लॅटिनमध्ये हे नाही, ग्रीकमध्येही नाही. आणि वेल्शमध्ये पुल्लिंगी ट्री, पेडवार, तर स्त्रीलिंगी टाइर, पेडाइर. जुन्या आयरिशमध्ये तेओइर, केथेओइर. हे टाइर-पेडाइर आणि आपले तिस्रः-चतस्रः एकाच मुळातून आलेले. इंडो-युरोपियन कुटुंबाच्या एका टोकाला आपण, दुसऱ्या टोकाला अटलांटिकच्या काठी ते, मधल्या बहुतेकांनी टाकून दिलेली जुनी वस्तू दोघांनी जपून ठेवली. त्या बाईंनी तुझ्या वहीत लिहून दिलेले आकडे काढून बघ, साइथ म्हणजे सप्त, डेग म्हणजे दश. डान्ट म्हणजे दंत तर सांगायलाच नको.

उलट एक वर्ण त्यांनी हरवलाय, प. आपलं पूर्ण ते आयरिशमध्ये लान, आपला पितृ तो तिकडे अथिर. सगळ्या सेल्टिक भाषांत मूळचा प गळाला (पेडवारमधला प मूळचा नव्हे, नंतर आलेला), म्हणूनच या भाषा आपल्या कुटुंबातल्या आहेत हे विद्वानांना उशिरा पटलं. कलकत्त्याला न्यायाधीश असलेल्या विल्यम जोन्सने २ फेब्रुवारी १७८६ ला तिथल्या भाषणात संस्कृत, ग्रीक, लॅटिनबरोबर सेल्टिकचं नाव घेतलं होतं, पण जरा हात राखून. त्याचे वडील अँगलसीचे, म्हणजे वेल्शच, वर्तुळाच्या गुणोत्तराला पाय (π) हे चिन्ह १७०६ मध्ये वापरणारे गणिती तेच. पक्का पुरावा प्रिचर्ड या इंग्रज अभ्यासकाने १८३१ मध्ये आणि बॉप या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १८३८ मध्ये मांडला. त्याच्याही खूप आधी आपल्या गोव्यातून थॉमस स्टीफन्सने १५८३ मध्ये भावाला पत्रात लिहिलेलं की इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनसारखी आहे. तोच स्टीफन्स, ज्याचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं. मराठीत एमए केलंस म्हणजे ते वाचलं असशीलच. साष्टीत बसून मराठी ओव्या लिहिणाऱ्या माणसाने ही गोष्ट टिपली याचं मला दर वेळी नवल वाटतं.

आणखी एक. व्हिटली स्टोक्स नावाचा आयरिश कायदेपंडित १८६२ मध्ये मद्रासला आला, पुढे व्हाइसरॉयच्या कौन्सिलचा कायदा सदस्य झाला. दिवसा हिंदुस्थानचे कायदे आणि उरलेल्या वेळात जुनी आयरिश. संत पॅट्रिक, ब्रिजिट आणि कोलंबा यांच्यावरची मध्ययुगीन आयरिश प्रवचनं त्याने १८७७ मध्ये कलकत्त्यात छापली. आणि त्या जुन्या आयरिश कायद्यात कर्जदाराच्या दारासमोर उपाशी बसायची रीत आहे, म्हणजे आपलं धरणं. सावकाराच्या दाराशी नव्हे हं, देणेकऱ्याच्या दाराशी, येणं असलेला माणूस बसणार. मनूपासून पेशवाईपर्यंत आपण जे बघतो तेच तिकडे पोथीत.

हे तुझ्या विषयाला लागून नाही हे मला ठाऊक आहे. पण प्रवेश मिळाला तर एखादा विषय यातला घेच.

बार्देशचा बाप

माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी यूकेला गेला (विषय वेगळा, इंजिनीअरिंग), तेव्हा पैशाचं सगळं मीच बघितलं म्हणून लिहितो. भावना बाजूला ठेवून वाच हां.

एमए एक वर्षाची. फी वेगळी, राहणं वेगळं. व्हिसाबरोबर हेल्थ सरचार्ज भरावा लागतो, २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पाउंड आणि व्हिसा कोर्सपेक्षा थोडा जास्त मिळतो त्यामुळे एक वर्षाच्या कोर्सला दीड वर्षाचा पडतो. टीबीची टेस्ट त्यांच्या मान्यतेच्या क्लिनिकातच. फीचा बाकी हिस्सा आणि राहण्याचे पैसे बँकेत सलग २८ दिवस दिसले पाहिजेत, एक दिवस जरी खाली गेले तरी अर्ज अडकतो, आमच्या ओळखीत एकाचा तसाच अडकला कारण मध्येच गाडीचा हप्ता गेला. लग्न झालं असेल तर जोडीदाराला बरोबर नेता येत नाही, जानेवारी २०२४ पासून शिकवण्याच्या मास्टर्सवाल्यांना ते बंद, फक्त रिसर्चवाल्यांना आणि सरकारी स्कॉलरशिपवाल्यांना चालतं.

स्कॉलरशिप म्हणशील तर ब्रिटिश सरकारची चिवनिंग बघ. त्याला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, ते तासांत मोजतात, २८०० तास. लेक्चर बेसिसवाल्यांचे तास कमी भरतात त्यामुळे आत्तापासून हायर सेकंडरीकडून तासांचं पत्र घेऊन ठेव, पेपर तपासणी, परीक्षा ड्युटी जे काय असेल ते सगळं लिहून. शिकून झाल्यावर दोन वर्षं परत येऊन राहावं लागतं अशी अट आहे, तुला तर परतच यायचंय. तुझा विषय शाळेचा आहे, मुलांचा आहे, 'वेल्श शिकायचंय' म्हणून अर्ज केलास तर बाजूला पडेल, 'गोव्याच्या बहुभाषिक शाळांसाठी' म्हणून केलास तर कुणीतरी वाचेल. आपल्याकडे गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजना आहे, तिथं स्वतः जाऊन विचार, फोनवर पूर्ण सांगत नाहीत.

आणि एक, गोव्यात कुणीतरी सांगेलच की आजोबांच्या नावावर पोर्तुगीज पासपोर्ट काढ. ब्रेक्झिटनंतर यूकेत त्याचा फीसाठी उपयोग नाही. आयर्लंडला राहायला-काम करायला चालतो, फी मात्र कुठं राहत होतीस त्यावर ठरते, नुसत्या पासपोर्टवर नाही. भारतीय नागरिकत्व गेलं की भारतीयांसाठीच्या स्कॉलरशिपा गेल्या. विचार करून कर.

मुलीच्या आईबाबांना मी एकच सांगेन, तिला दीड वर्ष द्या, तोवर ती भाषा पक्की करील आणि पैसे साठवील.

काणकोणकार

राग मानू नकोस पण मनात आलं ते लिहितो. आपल्याच घरात कोंकणी-मराठीचं इतकं काम पडलंय. काणकोणच्या कुणब्यांची बोली, पेडण्याची बोली, म्हाताऱ्या बायकांची धालो-फुगडीची गाणी, कोण लिहून घेणार? एक एक आजी जाते आणि बरोबर सगळं जातं. तुझ्यासारखी शिकलेली, तळमळीची मुलगी वेल्सच्या मुलांच्या शाळा बघायला जाणार, मग आमच्या शाळा कोण बघणार? १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून आपण कोंकणी की मराठी यावरच भांडतोय आणि मुलं तोवर इंग्रजी शाळेत गेली पण.

डिचोलीकरीण

सगळ्यांचे आभार, रात्री दोनदा वाचलं.

काणकोणकार दादा, राग अजिबात नाही. हेच माझ्या आईचंही म्हणणं. पण मी उलट बाजूने बघते. आपण भांडतो त्याला आपल्याच डोळ्यांनी बघून बघून आता काही दिसेनासं झालंय. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं की तीन वर्षांत लोकांनी कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावी. वेल्समध्ये १८४७ च्या सरकारी अहवालाने वेल्श भाषा म्हणजे अडाणीपणाचं मूळ असं लिहिलं आणि शाळेत वेल्श बोललेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाची पट्टी अडकवायचे, दिवसअखेर ज्याच्या गळ्यात असेल त्याला मार. दोघांनाही बाहेरून सांगितलं गेलं की तुमची भाषा कामाची नाही. पण मग त्यांनी काय केलं ते बघा. १९३९ मध्ये अ‍ॅबरिस्टविथला पहिली वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळा निघाली, सात मुलांवर. सात! माझ्या आईच्या वर्गातली कन्नड मुलं सात होती. १९६२ मध्ये सॉन्डर्स लुइस या वेल्श लेखकाचं रेडिओवरचं भाषण, त्यातून चळवळ, पोरं तुरुंगात गेली रस्त्यावरच्या वेल्श पाट्यांसाठी. १९८० मध्ये तिथले नेते ग्विन्वोर एव्हन्स म्हणाले वेल्श टीव्ही चॅनल दिलं नाही तर मरेपर्यंत उपोषण करीन, आणि १९८२ मध्ये चॅनल सुरू झालं. आता त्यांचं सरकार म्हणतं २०५० पर्यंत दहा लाख बोलणारे. आकडा अजून खालीच जातोय, २०११ ला १९ टक्के होता तो २०२१ ला १७.८ झाला, तरी ते थांबलेले नाहीत, मोजतात आणि परत शाळेकडे बघतात. भारतात कोंकणी बोलणारे २०११ च्या जनगणनेत साडेबावीस लाख, त्यांच्या चौपट. मराठीचं तर विचारूच नका. आपल्याकडे माणसं आहेत, वर्गात काय करायचं याची पद्धत नाही. ती बघायला जायचंय. आजींची गाणी मी परत येऊन लिहून घेईन असं नुसतं म्हणत नाही, मे महिन्यात काणकोणला येते, तुम्ही घरं दाखवाल का?

मास्तर, आकड्यांची वही काढली. तीनच्या पुढे बाईंनी तिरकी रेघ मारून बारीक अक्षरात टाइर लिहिलंय आणि चारच्या पुढे पेडाइर. इतकी वर्षं मी ते बघितलं होतं, तिस्रः कधी आठवलं नाही. शाळेत आम्ही ते ताल धरून म्हणायचो.

फोंड्याचे दादा, तुमच्यामुळे दिशाच बदलली. आईला काल बसवलं. आधी म्हणाली मी काय करायचे, शिकवायचे, बस्स. मग हळूहळू सांगायला लागली. पावसाळ्यात नवीन आलेल्या मुलांना ती पहिले आठ दिवस पुस्तक देतच नसे. रोज एक वस्तू आणायची, नारळाची करवंटी, छत्री, कोयता, आणि प्रत्येक मुलाने आपल्या घरी त्याला काय म्हणतात ते सांगायचं. करवंटीला चार भाषांतली नावं फळ्यावर, सगळी देवनागरीत. मग मराठी नावाखाली रेघ. एक मुलगी दीड महिना बोललीच नाही, आणि छत्री आणली त्या दिवशी आपणहून उठून 'कोडे' म्हणाली आणि फळ्यावर जाऊन रेघ कुठं मारायची तेही दाखवलं. मी सात पानं लिहून घेतली, अजून संपलेलं नाही.

तर आता बँगरला ईमेल लिहायला घेतलाय. आणखी एक विचारायचं होतं, व्याकरणाचं. ईमेल वेल्शमध्ये लिहिते आहे आणि 'मी गोव्यात शिकवते' असं लिहायचंय. नियमाने 'अन' (म्हणजे 'मध्ये') नंतर ग चा ङ व्हायला पाहिजे ना, 'अङ ङोआ'? तसं लिहू का?

मडगाव ते गॉलवे

मध्येच येतो, सॉरी. मी आयर्लंडमध्ये गॉलवेला आहे, विषय आयरिश. कुणाला आयरिशचा विचार असेल तर मेनूथ विद्यापीठात जुन्या आयरिशचं चांगलं काम आहे, आणि डब्लिन इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीजची १९४० पासूनची सेल्टिक स्टडीजची शाळा आहे, त्यांची पुस्तकं जगात सगळीकडे वापरतात. जुन्या आयरिशची मोठी डिक्शनरी ऑनलाइन फुकट आहे, वेल्शची मोठी डिक्शनरी पण फुकट. घरबसल्या सुरुवात करायला पैसा लागत नाही हे सांगायचं होतं. आणि मराठी माणसाला या भाषा सोप्या जातात असा माझा अनुभव आहे, कारण 'माझ्याकडे गाडी आहे' हेच वाक्य ते जसंच्या तसं बोलतात, 'आय हॅव' सारखं क्रियापदच नाही. वेल्शमध्येही 'माय कार गदा वी', आहे गाडी माझ्यापाशी. सर्दीसुद्धा माझ्यावर असते, मी ती बाळगत नाही. माझ्या वर्गातली अमेरिकन मुलं इथंच अडकायची.

फोंड्याचा प्रवासी

छत्रीचं वाचून थांबलो थोडा वेळ. ते सगळं ईमेलमध्ये लिही, दोनच ओळीत, पण लिही. 'बहुभाषिक वर्गाचा अनुभव' वगैरे शब्दांत गुंडाळू नकोस, करवंटी, फळा, रेघ असंच लिही.

गोव्याचं म्हणशील तर नियम तुझा बरोबर आहे. काइर्डीद म्हणजे कार्डिफ, त्याचं 'अङ ङ्हाइर्डीद' होतं, कम्रीचं 'अङ ङ्हम्री', तसं ग चं 'अङ ङोआ' व्हायला हवं. पण परदेशी गावांच्या नावांना सहसा हे लावत नाहीत, विशेषतः ग असला तर, नाहीतर नाव ओळखूच येत नाही. मी 'अङ ङोआ' लिहिलं होतं तेव्हा माझ्या शिक्षिकेने खोडलं नाही, बाजूला लिहिलं की चूक नाही, पण आम्ही 'अन गोआ' म्हणतो. ईमेलमध्ये 'अन गोआ' लिही. पाठवायच्या आधी मला दाखवायचा असेल तर मेसेज कर, रविवारी मी पणजीला सेंट्रल लायब्ररीत असतो, दहानंतर.

डिचोलीकरीण

येते रविवारी. आईची पानं पण आणते.